बाराची थैली

रघू, तुझ्या खुर्चीवर बसून लिहितो आहे. हिचा डावा पाय आखूड आहे आणि तू त्याखाली कागदाची घडी घालायचास, हे इतकी वर्षं समोरच्या बाकावर बसूनही मला कळलं नव्हतं. परवा पहिल्यांदा बसलो तेव्हा कलंडलोच. वहिनींनी आतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, ते विचारायची हिंमत झाली नाही.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टरसाहेब आले. शिक्का, लाख, मेणबत्ती, वजनाचा काटा, थैल्या, सगळं माझ्यासमोर मांडलं, सही घेतली आणि म्हणाले, “गुरुजी, नया आदमी आने तक आपही संभालो. शाळा तर जवळच आहे.” झालं. जो माणूस रोज तुझ्या नियमांची टर उडवायचा, त्याच्याच हातात तुझा शिक्का आला. तू असतास तर आठ दिवस हसला असतास.

तेराव्याला मला चार शब्द बोलायला उभं केलं होतं. बोललो. वक्तशीर, सचोटीचा, गावाच्या उपयोगी पडणारा. सगळं खरं, आणि सगळं कुणाहीबद्दल बोलता येईल असं. जे बोलायला हवं होतं ते त्या अर्जाचं होतं, आणि ते मी चार वर्षं गिळून बसलो आहे. तू होतास तोवर तोंड उघडलं नाही. आता तू नाहीस, तरी सांगतो. पण माझी खोड तुला ठाऊक आहे, सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलं नाही.

बोरखेडीला पोष्ट नव्हतं तेव्हाचे दिवस आठवतात? बाजाराच्या दिवशी जो कुणी गाडी जुंपून शाहपूरला जाईल त्याने गावाची पत्रं न्यायची आणि आणायची, असा रिवाज. पत्रं मिरच्यांच्या पोत्यातून यायची आणि वाचणारा आधी शिंकायचा. तुझ्या चुलत्याला एका लग्नाचं निमंत्रण वऱ्हाड परत आल्यावर मिळालं आणि त्यावरून त्याने भावकीशी पाच वर्षं अबोला धरला. स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी पोष्ट मंजूर झालं, पण जागा कोण देणार म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तू रस्त्याकडची कापसाची खोली रिकामी केलीस आणि पोष्टमास्तरही तूच झालास. पत्रपेटीला लाल रंग स्वतः दिलास, उरलेला रंग बैलाच्या शिंगांना फासलास, आणि तो बैल पुढे मरेपर्यंत ‘सरकारी’ म्हणूनच ओळखला गेला.

पहिली थैली उघडायला निम्मं गाव जमलं होतं. सुकलाल हरकारा शाहपूरहून घुंगरांची काठी वाजवत आला. तू आंघोळ करून, टोपी घालून बसलेला. लाखेचं सील फोडलंस, थैली उलटी केलीस, आणि आतून हिशेबाचा एक कागद तेवढा पडला. गावाला कुणी पत्रच लिहिलं नव्हतं. मंजुळामाय म्हणाली, “एवढा बंदोबस्त केला न् आत काहीच नाही.” तू म्हणालास, “माय, पहिले आपण लिहू, मग लोक लिहितीन.” त्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत लोकांची कार्डं लिहिली. निम्म्या कार्डांवर मजकूर एकच होता, आमच्या गावाला पोष्ट आलं आहे, उत्तर पाठवा.

पेटीत अजून इंग्रज राजाच्या डोक्याची कार्डं शिल्लक होती. तू शिक्का नेमका राजाच्या नाकावर हाणायचास आणि म्हणायचास, “आपल्या हातून एवढंच स्वराज झालं, गुरुजी.”

आणि ते तुझं जेवणाचं विचारणं. मयताच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. असं कार्ड आलं की तू ते वहीखाली सरकवायचास. ज्याचं असेल तो माणूस आला की विचारायचास, “जेवण झालं काय?” नाही म्हटलं तर म्हणायचास, “जेवून ये. टपाल कुठं पळून नाही जात.” जेवून आला की त्याला बाहेर निंबाखाली न्यायचास, कार्ड उभ्यानेच वाचून दाखवायचास आणि तिथेच फाडून टाकायचास. वर्षभरात गावाने हे ओळखलं. मग तू कुणाला सहज जरी जेवलास का म्हणालास तरी त्याचा चेहरा पांढरा पडायचा. दिवाळीला तू पाटलांना जेवायचं विचारलंस आणि त्यांच्या घरात रडारड सुरू झाली, तेव्हा वहिनींनी तुला पाहुण्यांशी बोलायचीच बंदी केली होती.

तुझ्या मयताची कार्डं मी लिहिली, रघू. एकवीस. कोपरे फाडताना हात चालेना, म्हणून आधी सगळे कोपरे फाडून घेतले आणि मग लिहायला बसलो.

आता अर्जाकडे येतो. पण त्याआधी तापीवरचा राजघाट आलाच पाहिजे. महिन्यातून एकदा आपण दोघं बुऱ्हानपूरला जायचो. मी माझ्या आईला भेटायला, तू तुझ्या खरेदीला, आणि संध्याकाळी तापीच्या पायऱ्यांवर बसून वाद घालायला. त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. राज्यं नव्याने जोडायची, भाषा बघून हद्दी आखायच्या, कमिशन फिरतं आहे, लोकांकडून निवेदनं मागवली आहेत. मी पेटलेलो होतो. माझं म्हणणं, आपण मराठी बोलतो, आपल्या लेकी रावेर-यावलला दिलेल्या, आपण खानदेशाबरोबर गेलं पाहिजे. तुझं म्हणणं, “आपल्या घरात मराठी, बाजारात हिंदी, न् केळी दिल्लीले. कुठं कुठं तोडशील, गुरुजी?” मी म्हणायचो, तुला भाषेची चाड नाही. तू नदीकडे हात करायचास. “हे पाणी उद्या खानदेशात पोचते. त्यानं कोणाले अर्ज केला?” मला या बोलण्याचा फार राग यायचा, कारण त्यावर मला उत्तर सापडायचं नाही.

त्याच पायऱ्यांवरून तुझ्या थोरल्या भावाने अस्थी सोडल्या. मी बाजूला उभा होतो. तू निघालास खानदेशात, अर्जाशिवाय. वाद तू जिंकलास, हे मला तेव्हा मोठ्याने म्हणायचं होतं, पण भटजी मंत्र म्हणत होते.

तर अर्ज. चावडीवर ठरलं की गावाचं निवेदन पाठवायचं. लिहिणार अर्थात मी. अंगठे आणि सह्या दुसऱ्या कोऱ्या कागदांवर पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारीच घेऊन झाल्या. तूही सही केलीस. मी टोमणा मारला, “तुला तर पटत नाही ना?” तू म्हणालास, “मले नाही पटत, पण गावाले पटते. मी गावातच राह्यतो.” हिशेब साधा होता. दुसऱ्या दिवशी बाराच्या थैलीतून निघालं तर निवेदन मुदतीच्या शेवटच्या तारखेला पोचणार. तू सकाळीच शाळेत येऊन सांगून गेलास, “बाराले सील करतो, गुरुजी. अकराले आणून द्या.”

मजकूर तयार होता, रघू. आदल्या रात्रीच तयार होता. सकाळी मी तो पुन्हा वाचला आणि मला तो सपक वाटला. दिल्लीला आपल्या गावची मराठी जाणार, ती कशी हवी? मी बदलायला बसलो. ‘आम्ही खाली सह्या करणारे’ याऐवजी काहीतरी भारदस्त. तापीमाईचा एक परिच्छेद. मग तो परिच्छेद पहिला घ्यावा असं वाटलं आणि सगळं परत लिहावं लागलं. मुलांना पाढे म्हणायला लावले आणि मी पाचव्यांदा शेवटची ओळ लिहीत होतो, तेव्हा तुझ्या दारातून सुकलालच्या काठीचा आवाज आला. मी कागद घेऊन पळत सुटलो. लाख अजून गरम असेल. सुकलाल थैली खांद्यावर टाकून वेशीकडे निघाला होता आणि तू मेणबत्ती विझवत होतास.

पुढचं तुला माहीतच आहे, पण मी ते गावाला अर्धंच सांगितलं, म्हणून पुरतं लिहितो. मी म्हणालो, सुकलालला हाक मार, सील तोड. तू म्हणालास, “सील झालं, गुरुजी. तोडता नाही येत.” मी म्हणालो, कुणाला कळणार आहे? “मले तं कळते ना.” मी तो कागद तुझ्या हातात कोंबला. म्हटलं, वाच, हे वाच आणि मग सांग तोडता येत नाही म्हणून. तू दोन ओळी वाचल्यास. मग उठून छत्री काढलीस. “सुकलाल वेशीपर्यंतच गेला असंन. त्याच्यासंग जा. शाहपूरले रजिस्टर लागून जाईन, आजच्या आजच निघते. पोरं मी बघतो.”

किती सोपं होतं. दोन-अडीच तासांची चाल. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, गावाच्या अर्जावर गावाचा शिक्का पाहिजे, शाहपूरचा नाही. बोरखेडी नावाचं गाव आहे हेच तर त्यांना दाखवायचं आहे, ते शाहपूरच्या शिक्क्याने कसं दिसणार? तू म्हणालास, “शिक्का उद्या मारून देतो. पण दिवस जाईन.” मी म्हणालो, जाऊ दे, जबाबदार तू. आणि तणतणत शाळेत आलो. पोरं अजून पाढेच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तू त्या पाकिटावर शिक्का मारलास. इतका स्वच्छ, गोल शिक्का तू एरवी कधी मारला नव्हतास. महिन्याभराने उत्तर आलं. निवेदन मुदतीनंतर पोचलं, एक दिवस. मी चावडीवर ते वाचून दाखवलं. कुणीतरी विचारलं, “एक दिवस कसा गेला, गुरुजी?” आणि मी म्हणालो, “मी गेलो तेव्हा रघुनाथने थैलीला सील केलं होतं.” यात एकही शब्द खोटा नाही. मी इतका सराईत खोटारडा आहे हे मला त्या दिवशी कळलं. तू मागे खांबाला टेकून उभा होतास. मला वाटलं आता बोलशील. तू जोडे घातलेस आणि गेलास.

गावाने तुला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. गावाने पत्रं देणं बंद केलं. ‘पोष्टमास्तरनं अर्ज अडकवला’ म्हणत पुन्हा बाजाराच्या गाडीतून, मिरच्यांच्या पोत्यातून टपाल शाहपूरला जायला लागलं. पेटी रिकामी, थैली रिकामी. सुकलाल रिकामी थैली घेऊन सहा महिने चालला. इन्स्पेक्टर येऊन सांगून गेले की असंच राहिलं तर इथलं पोष्ट उठेल. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. रोज रात्री ठरवायचो आणि रोज सकाळी माझी शाळेतली खुर्ची आठवायची. गुरुजींच्या लिहिण्याच्या हौसेपायी गावाचा अर्ज बुडाला, असं पोरांच्या तोंडून ऐकावं लागेल, याची भीती वाटायची.

आणि मग तुझी कार्डं सुरू झाली. पोष्टाचं काम अगदीच शून्य दिसू नये म्हणून तू स्वतःच कार्डं लिहायला लागलास. भावाला, मेहुण्याला, व्याह्यांना, आणि दर सोमवारी मला. स्वतः लिहायचं, स्वतःच्या पेटीत टाकायचं, स्वतः काढून शिक्का मारायचा आणि दहा घरं चालून स्वतः आणून द्यायचं. वर्गाच्या दारात उभं राहून म्हणायचास, “गुरुजी, टपाल.” त्या दिवसांत आपल्यात एवढेच दोन शब्द होते. ‘श्रीयुत गुरुजी यांस नमस्कार. कपाशीवर कीड आहे. सरकारी बैल लंगडतो. उत्तर देणे.’ प्रत्येक कार्डाखाली उत्तर देणे. मी एकाचंही दिलं नाही. दहा घरांवरच्या माणसाला काय उत्तर लिहायचं, अशी मी माझी समजूत घालायचो.

पावसाळ्यात मी हिवतापाने पडलो. सोमवारी तू घरी आलास, खाटेजवळ बसलास आणि कार्ड काढून वाचलंस, “गुरुजी, तब्येत कशी आहे?” मी म्हणालो, “बरी आहे.” तू कार्डाकडेच बघत म्हणालास, “चला, उत्तर आलं.” मग हसलास. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना. त्याच पावसात नाला भरला, शाहपूरची वाट बंद झाली आणि लोक मुकाट्याने तुझ्या पेटीकडे परत आले. कुणी माफी मागितली नाही. पुढे राज्यं झाली, आपण इकडेच राहिलो, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, नेपानगरच्या कारखान्यात गावची पोरं लागली आणि त्यांची कार्डं यायला लागली. तुझी थैली जड झाली. मी पुन्हा रोज समोरच्या बाकावर येऊन बसायला लागलो. आपण सगळं बोलायचो. तेवढं एक सोडून.

त्या एका अर्जाने हद्द हलली असती का? नाही, रे. दिल्लीत तसले गाडीभर कागद गेले होते. हेही मला तेव्हाच कळत होतं. मला राग होता तो कुठे काढायचा हे कळत नव्हतं आणि तू जवळ होतास. छत्री हातात घेऊन उभा होतास.

परवाचं सांगतो. बारा वाजले. मी मेणबत्ती लावली, लाख वितळवली, सुतळीच्या गाठीवर ठसा दाबला. सील वाकडं बसलं. इतक्यात आतलं दार उघडून वहिनी आल्या. हातात कार्ड होतं, रावेरच्या भावाला लिहिलेलं. मी थैलीकडे बघितलं, सुकलालकडे बघितलं. रघू, ते सील तोडायला एक बोट पुरलं असतं. खोलीत आम्ही तिघंच. मी म्हणालो, “वहिनी, सील झालं. उद्या घालू.”

त्या दारातच बसल्या. सुकलालने थैली उचलली आणि तो गेला. वहिनी म्हणाल्या, “त्यांनीही असंच सांगितलं असतं.” मग त्यांनीच विषय काढला. “गुरुजी, त्या अर्जाच्या दिवशी ते आत आले न् मले अंगठा दाखवला. शाई लागली होती. म्हणे, गुरुजीचा कागद अजून ओला आहे, आत्ताच लिहून राह्यले होते. पुढं उत्तर आलं तेव्हा मी म्हटलं, मग सांगा ना चावडीवर, लोक तुमच्या नावानं बोलून राह्यले. तं म्हणे, नको. गुरुजी सांगतीन स्वतःच. त्यांच्या तोंडून येऊ दे.”

मी मेणबत्ती विझवली.

“मी दर सणाले विचारायची,” वहिनी म्हणाल्या. “आले काय गुरुजी सांगायले? तं हसायचे. म्हणायचे, येतीन, घाई नको करू. ह्या पोळ्यालेही विचारलं होतं मी.”

काल टपाल वाटायला लोक जमले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. अर्जाला उशीर मी केला. मजकूर सजवत बसलो. शाहपूरला जा म्हटलं तर गेलो नाही. रघुनाथची काही चूक नव्हती. लोकांनी ऐकून घेतलं. दोघं-तिघं ‘असं काय’ म्हणाले. एकाला तर कुठला अर्ज तेच आठवेना, शेजाऱ्याने त्याला आठवण करून दिली. मग मागून एक म्हातारा म्हणाला, “ते झालं आता, गुरुजी. माह्या नेपानगरवाल्याचं कार्ड आलं काय, ते बघा.” आलं होतं. मी वाचून दाखवलं.

चार वर्षं मी ज्या माणसांना भ्यालो, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ज्याला ते ऐकायचं होतं तो रोज या खुर्चीवर बसून वाट बघत होता, आणि मी समोरच्या बाकावर बसून त्याच्याशी केळीच्या गप्पा मारत होतो.